कडबा कापताना गेलेली बोटं

आमच्या जिनिंगमध्ये पदर मोकळा सोडायला बंदी होती. लुगड्याचा कासोटा घट्ट, पदर कमरेला वेढा घालून खोचलेला आणि केसांवर फडकं, एवढं असेल तरच मुकादम बाईला दारातून आत सोडायचा. गोल साडी नेसून आलेल्या पोरींना तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "सिनेमाला आली का? घरी जा, कासोटा घालून ये." पोरी रडकुंडीला यायच्या. आम्ही जुन्या बाया हसायचो. हा पदराचा नियम पुढं मालकाच्या, म्हणजे शेठच्या अंगाशी येणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायची गिरणी. जालन्याला तेव्हा अशा पुष्कळ होत्या. जालना अजून जिल्हा झाला नव्हता, पण हाताला काम मागायला लोक इथंच यायचे. दुष्काळात मंठ्याकडचं गाव सोडून आम्हीही आलो. माझा नवरा मोंढ्यात पोती उचलायला लागला आणि माझी थोरली जाऊ जिनिंगमध्ये लागली. वर्षाच्या आत तिनं मलाही तिथं चिकटवलं. मी चौथी शिकलेली. त्या शिक्षणाचा मशिनीपुढं काही उपयोग नव्हता.

जाऊ माझ्यापेक्षा बरीच मोठी. नवरा लवकर गेलेला, लेकरूबाळ नाही. ती आमच्यातच राहायची. माझा नवरा तिला कधी वाकडा शब्द बोलला नाही, पण तिच्या मनात एकच भीती होती, की एक दिवस कुणीतरी म्हणेल, ही दिराच्या जिवावर खाते. म्हणून पगार हातात पडला की ती आधी ज्वारी आणायची आणि पोतं दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ठेवायची. मी म्हणायचे, "जाऊबाई, आत ठेवा, उंदीर लागतील." ती म्हणायची, "लागू दे. उंदरांना बी कळू दे कुणी आणली ते."

त्या गिरणीची मला अजून आठवण येते. लोकांना वाटतं, एवढे कष्ट केले म्हणजे वाईट दिवस असतील. मला ते दिवस आवडायचे. दिवाळी झाली की गावोगावच्या बैलगाड्या कापूस भरून फाटकापाशी उभ्या राहायच्या. आत लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना मशिनींच्या रांगा आणि प्रत्येक मशिनीपुढं एक बाई. समोरून कापूस टाकायचा, पलीकडून रुई निघायची, खाली सरकी पडायची. सरकीचा तेलकट वास अंगाला असा बसायचा की सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. रुईचे तंतू भुवयांवर, पापण्यांवर बसायचे. संध्याकाळी आम्ही सगळ्या एका दिवसात म्हाताऱ्या होऊन बाहेर पडायचो आणि एकमेकींना आजी म्हणून हाका मारायचो. आता मी खरीच म्हातारी झाले, तर तसं कुणी हसत नाही.

दुपारच्या भोंग्याला मशिनी थांबायच्या. मग एकदम एवढी शांतता व्हायची की कानात शिट्टी वाजायची. रुईच्या गाठींच्या ढिगाच्या सावलीला बसून भाकरी सोडायची. कुणाचा ठेचा, कुणाचं पिठलं, कुणाचं सुकट. आमच्या रांगेत सगळ्या जातीच्या बाया होत्या. सुरुवातीला दोघी-तिघी आमच्यापासून लांब बसायच्या. जाऊनं एकदा अंबाडीची भाजी केली, तिचा वास गेला, आणि त्यातली एक जण म्हणाली, "जरा इकडं सरका ना." झालं, तेवढंच.

आता विम्याचं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

कामावर माणसाला इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. ती भरपाई आपल्या खिशातून द्यायला लागू नये म्हणून शेठ दरवर्षी विमा उतरवायचे. मी लागायच्या आधी तिथं गाठी बांधायच्या प्रेसमध्ये एक माणूस गेला होता, आणि त्याच सुमारास दोन बायांच्या हातांची भरपाई विम्यानं दिली होती. त्याच्या पुढच्या वर्षी विम्याचा दर एकदम वाढला. शेठ औरंगाबादला जाऊन भांडून आले. तिथल्या साहेबानं त्यांना सांगितलं, तुमच्या गिरणीची मागची वर्षं बघूनच आम्ही दर ठरवतो. मशिनींच्या पट्ट्यांना हात लागू नये म्हणून जाळ्या बसवा, काही वर्षं अपघाताच्या भरपाईची मागणी येऊ देऊ नका, दर आपोआप उतरेल.

शेठनी त्यातलं दुसरं तेवढं ऐकलं.

जाळीला खर्च होता. मागणी येऊ न देणं फुकटात जमण्यासारखं होतं. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मुकादम आमच्यापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका गं. शेठजींनी सांगितलंय, वर्षभरात विम्याकडं एक बी मागणी गेली न्हाई, तर दसऱ्याला सगळ्या बायांना एकेक लुगडं."

"अन् मागणी गेली तर?" एकीनं विचारलं.

"मंग कुणालाच न्हाई. एकीचं बोट कापलं की शेठचा हप्ता वाढतो."

ठेच्यावाली म्हातारी होती, तिचं तोंड कधी बंद नसायचं. ती म्हणाली, "म्हंजे बोट आमचं कापायचं अन् दुखायचं शेठला?"

सगळ्या हसल्या. मुकादमही हसला. पण लुगडं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. वर्षातून एक नवं लुगडं अंगावर पडायचं, तेही पडलं तर. त्या दिवसापासून शेठला आमच्यावर लक्ष ठेवायला दुसरं कुणी लागलं नाही. आम्हीच एकमेकींवर लक्ष ठेवायला लागलो. कुणाला लागलं की आजूबाजूच्या बाया हळद घेऊन धावायच्या, जखमेत रुई दाबायच्या आणि आधीच सांगून टाकायच्या, "घरी लागलंय म्हण हां." नख गेलं, घरी गेलं. बोट चेंगरलं, घरी चेंगरलं. मग बाई दोन दिवस घरी बसायची, तिच्या मशिनीवर दुसरी उभी राहायची, आणि दसऱ्याला लुगडं यायचं. काही वर्षं असं बराबर चाललं. विम्याचा दरही उतरत गेला म्हणे. मुकादम ते आम्हाला असं सांगायचा, जशी काही ती आमचीच कमाई आहे.

बहुतेक इजा पट्ट्यानं व्हायच्या. वर एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक मशिनीला चामड्याचा पट्टा यायचा. पट्टा सैल झाला की चाकावरून उतरायचा आणि मशीन थांबायची. खरं तर फिटरला बोलवायचं, वरचा दांडा थांबवायचा आणि मग पट्टा चढवायचा. पण दांडा थांबला की अख्खी रांग थांबते, आणि रांग थांबली की मुकादम आई-बाप काढतो. म्हणून आम्ही दांडा फिरता ठेवूनच तळहातानं पट्टा चाकावर ढकलायचो. एक झटका द्यायचा आणि हात मागं घ्यायचा. त्यात आम्हाला मोठेपणा वाटायचा. जाऊ तर या कामात सगळ्यांत तयार. लांबच्या रांगेतल्या बायाही तिला हाक मारायच्या, "बाई, आमचा पट्टा उतरला, या की जल्दी." ती जायची, बघता बघता पट्टा चढवायची आणि पदर खोचत परत यायची.

होळीच्या आसपास, हंगाम संपत आला असताना, माझ्याच मशिनीचा पट्टा उतरला. मी खाली सांडलेली सरकी गोळा करत होते. जाऊ म्हणाली, "तू राहू दे, मी बघते." तिनं हात लावला आणि झटका दिला, पण हात मागं आला नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पट्टा आणि चाकाच्या मधे गेलं.

ती ओरडली नाही. "थांबव," एवढंच म्हणाली. मी ओरडले. दांडा थांबेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाया नेहमीसारख्या धावल्या. हळद आली, रुई आली, तिचा हात रुईच्या गोळ्यात दिसेनासा झाला. मुकादमानं रिक्षा आणली. मी जाऊला धरून बसवत होते, तेवढ्यात तिनं स्वतःच मागं वळून बायांना सांगितलं, "घाबरू नका गं. कडबा कापताना लागलं म्हणते."

सरकारी दवाखान्यात तिनं तसंच सांगितलं. डॉक्टरपुढं एवढी रांग होती की त्यानं मानही वर केली नाही. दोन्ही बोटं मुळापासून काढावी लागली.

घरी आणल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "जाऊबाई, नख न्हाई गेलं, बोटं गेली. दोन बोटं. याची भरपाई मिळती. खरं सांगा."

"अन् एवढ्या बायांच्या अंगावरचं लुगडं काढून घेऊ व्हय?"

"लुगडं वर्षात फाटतंय. बोटं परत येत न्हाईत."

"मुकादम म्हणलाय, पुढच्या हंगामात हलकं काम देतो. कचरा वेचायचं. बसून."

"मुकादम काय काय म्हणतो!"

"तू गप बस," ती म्हणाली. "मला काम पाहिजे. भरपाई घेऊन किती दिवस खाणार? काम असलं म्हंजे कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई."

म्हणजे पुन्हा तेच. ज्वारीचं पोतं. तिनं दोन बोटांच्या बदल्यात बसून करायचं काम मागितलं होतं, आणि तेही नुसत्या तोंडी शब्दावर. मी तिच्या हातावरची पट्टी बदलायला घेतली. पण पटलं नाही.

उन्हाळा आणि पावसाळा तिनं घरात काढला. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. तिच्या भाकरी एका बाजूला जाड व्हायच्या. माझा नवरा काही न बोलता खायचा, आणि तो काही बोलत नाही म्हणून तिला जास्तच लागायचं. हंगामाच्या आधी बायांची नेमणूक व्हायची. दसऱ्याच्या आठवड्यात ती मुकादमाकडे गेली आणि लगेच परत आली.

"काय म्हणाला?"

"कचरा वेचायला त्याच्या साडूची बायको लागली म्हणे. पुढच्या वर्षी बघू म्हणतो."

तिनं दाराजवळचं पोतं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्यात ज्वारी नव्हतीच. नुसतं दुमडलेलं पोतं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गिरणीत मशिनींची पूजा व्हायची आणि लुगडीही तेव्हाच वाटली जायची. झेंडूच्या माळा, नारळ, हळद-कुंकू. आम्ही बौद्ध झालेलो, तेव्हा पूजेला हात जोडायला पुढं जात नसू. पेढा मात्र घेत असू, आणि लुगडं घ्यायला तर कुणाचीच ना नव्हती. जाऊ यायला तयार नव्हती. मी म्हणाले, "तुमच्याच बोटांचं लुगडं आहे, ते तरी घ्या." हे जरा जास्तच झालं, पण ती उठली.

त्या वर्षी शेठना हौस आली. मागची एवढी वर्षं एकही मागणी नाही, दर उतरलेला, आणि विम्याचा नवा करारही त्याच सुमाराला व्हायचा होता. म्हणून त्यांनी औरंगाबादच्या विमासाहेबालाच पाहुणा बोलावला. लुगडी त्याच्या हातून द्यायची. साहेबानं स्वतः बघावं, आपली गिरणी किती शिस्तीची आहे!

आणि साहेबाला शिस्त दाखवायची म्हणून मुकादमानं मशिनी बंद असतानाही आम्हाला कासोटा घालून, पदर कमरेला घट्ट खोचून रांगेत उभं केलं. "पदर सोडायचा न्हाई," तो प्रत्येकीजवळ येऊन सांगत होता. "साहेबांना दिसलं पाहिजे."

आता आमच्याकडं बाई लुगडं घेते ती पदरात घेते. पदर पुढं करायचा, त्यावर लुगडं, नारळ, जे काय असेल ते ठेवतात, आणि हात पदराखाली झाकलेले राहतात. आधीच्या वर्षी आम्ही असंच घेतलं होतं. या वर्षी पदर खोचलेला. मग काय करणार? प्रत्येक बाईला दोन्ही हात उघडे पुढं करावे लागले.

साहेब मध्यम वयाचा, चष्मा लावलेला, घाईत असलेला माणूस होता. पहिली दोन-तीन लुगडी त्यानं हसत दिली. मग त्याचं हसू कमी झालं. तो लुगडं द्यायच्या आधी हाताकडं बघायला लागला. एकीला नख नव्हतं. एकीचं मधलं बोट वाकडं. एकीच्या तळहातावर पट्ट्याचा लांब पांढरा वण. तसाच वण दुसरीच्या, तसाच तिसरीच्या. आम्हाला रोज बघून त्याचं काही वाटत नव्हतं. पण एकामागून एक, एकाच उंचीला, तळवे वर करून आलेले हात मलाही त्या दिवशी पहिल्यांदाच दिसले.

जाऊची पाळी आली. तिनं डावा हात पुढं केला.

मुकादम सवयीनं, भान न ठेवता, दबक्या आवाजात म्हणाला, "उजवा, उजवा. सणाचं घेऊन राह्यली ना!"

तिनं उजवा हातही पुढं केला. साहेबानं लुगडं परत शेठच्या माणसाच्या हातात दिलं.

"बाई, हे कधी झालं?"

"होळीला."

"कशानं?"

तिनं मुकादमाकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "कडबा कापताना."

"घरी?"

"हां, घरी."

"जनावरं किती आहेत तुमच्याकडे?"

आम्ही एका खोलीत राहणारी माणसं. आमच्याकडे कोंबडीसुद्धा नव्हती. मुकादम मधेच म्हणाला, "असतील साहेब, दोन-चार असतील, खेड्याची माणसं ही."

मी तिच्या मागं उभी होते. मी काही धीट बाई नव्हते, पण मला खोटं नीट ऐकून घेता येत नाही. मी म्हणाले, "साहेब, मी हिची जाऊ. हिच्याच घरात राहते. आमच्याकडं जनावर म्हणाल तर मी एकटीच हाय. अन् मी कडबा खात न्हाई."

ठेच्यावाली म्हातारी पहिली हसली. मग सगळी रांग हसली. ज्यांचं लुगडं जाणार होतं त्याही हसल्या, त्यांनाही आवरलं नाही. साहेब हसला नाही. त्यानं लुगडं परत घेतलं, जाऊच्या दोन्ही हातांवर नीट ठेवलं आणि म्हणाला, "कार्यक्रम झाला की तुम्ही दोघी ऑफिसात या."

उरलेली लुगडी त्यानं वाटली, पण प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारत. "हे घरीच का?" कुणी हो म्हणाली, कुणी लुगडं छातीशी धरून पुढं सरकली. शेठच्या कपाळावर घाम आलेला मी बघितला.

ऑफिसात आम्हाला बसायला सांगितलं नाही, आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. शेठ म्हणत होते, "साहेब, एवढी वर्षं एक मागणी न्हाई आमची. एकदा तरी तुमच्या कंपनीचा पैसा घेतला का?"

"तेच तर," साहेब म्हणाला. "मागणी नाही म्हणून मी तुम्हाला चांगल्या गिरणीचा दर दिला. आणि हात बघतो तर वाईट गिरणीचे आहेत."

"खरचटणं तर चालायचंच."

"शेठजी, प्रेसमध्ये माणूस गेला, ते एखादवेळी नशीब म्हणता येईल. पण एवढ्या बायांच्या हातावर एकाच जागी वण असेल तर ते नशीब नाही, तो पट्टा आहे. मला मोठ्या अपघातापेक्षा असे लहान अपघात जास्त सांगतात. पहिल्या वर्षी दोन बोटं चेंगरल्याचं कळवलं असतं, तर मी तेव्हाच जाळी लावून घेतली असती. दर थोडा वाढला असता आणि उतरलाही असता. तुम्ही सगळं साठवून ठेवलंत. आता एकदम वाढणार."

"बायाच ऐकत न्हाईत साहेब. शंभरदा सांगितलं, पट्ट्याला हात लावू नका."

"मग जाळी लावा. जाळी असली की कुणी ऐकायची गरज नाही."

मी हे मनात ठेवलं. पण त्या साहेबाला आमचा कळवळा आला होता, असं मी म्हणणार नाही. तो आपल्या कंपनीचं काम करत होता. त्याला फसवून स्वस्तात विमा उतरवला होता आणि ते त्याला आवडलं नव्हतं. त्यात आमचं भलं झालं, एवढंच.

मग तो जाऊकडे वळला. "बाई, कुठं लागलं ते आता खरं सांगा."

जाऊनं लुगडं काखेत नीट धरलं. मला वाटलं, आता पुन्हा कडबा कापते की काय! मग ती साहेबाशी नाही, शेठशी बोलली. "शेठजी, मला कचरा वेचायचं काम देतो म्हणले होते. ते दिलं असतं तर मी बिलकुल बोलले नसते. हात इथंच गेला. हिच्या मशिनीवर."

शेठनी मुकादमाकडं असं बघितलं की मला त्याची दया आली. थोडीशीच.

कागद व्हायला वेळ लागला. विमेवाले म्हणाले, उशिरा कळवलं. शेठ म्हणाले, मलाच उशिरा कळलं. मधल्या मधे आम्ही दोघी बसनं औरंगाबादला खेटे घातले. जाऊ पहिल्यांदाच औरंगाबादला गेली. तिथल्या बाकावर बसून आम्ही घरून नेलेली भाकरी खाल्ली, आणि ती म्हणाली, "इथले लोक लई जल्दी चालतात. कुणाची गिरणी थांबली एवढी?" शेवटी भरपाई मिळाली.

बायांनी मात्र आम्हाला सोडलं नाही. विम्याचा दर वाढला आणि पुढच्या दसऱ्याला लुगडी बंद झाली. नुसता पेढा. नळावर मला ऐकू येईल असं एक जण म्हणायची, "आली बघा, सगळ्यांची लुगडी खाणारी." मी म्हणायचे, "खाल्ली न्हाईत, कडब्यासारखी चघळून राह्यले." पण जाऊला ते लागायचं. ती त्या बायांसाठीच तर गप्प राहिली होती. त्या दसऱ्याआधीच्या पावसाळ्यात पट्ट्यांना जाळ्या आल्या होत्या. जाळी आली की पट्टा हातानं चढवता येईना, फिटरला बोलवावंच लागे, रांग थांबायची आणि आम्ही बसून राहायचो. ठेच्यावाली म्हातारी म्हणाली, "लुगडं गेलं, पर बसायला मिळालं. माझ्या गुडघ्यांना चालतंय." तिथून पुढं हळूहळू बोलणं सुरू झालं. कुणाला लागलं की आता मुकादम स्वतःच विचारायचा, "कुठं लागलं? बराबर सांग."

जाऊनं भरपाईच्या पैशात भोकरदनच्या बाजारातून म्हैस आणली. मला आधी सांगितलंही नाही. दोरी धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "साहेबानं विचारलं होतं ना, जनावरं किती?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. माझ्या नवऱ्यानं खोलीमागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी छप्पर घातलं. दूध चांगलं होतं. जाऊनं गिरणीच्या फाटकासमोरच्या चहावाल्याला रतीब लावला, मग शेठच्या ऑफिसातही तिचंच दूध जायला लागलं. दाराजवळ पुन्हा ज्वारीचं पोतं आलं, आणि ते भरलेलं असायचं. तिला त्यानंतर कधी कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. कडबा मात्र मी तिला कापू दिला नाही. ती कुरकुर करायची, पण विळा मी माझ्याकडंच ठेवायचे.

शेठशी तिचा अबोला असेल असं वाटेल, पण तसं काही नव्हतं. रोज सकाळी दूध घालायला गेली की ते म्हणायचे, "बाई, तुमच्या दोन बोटांचं अजून फेडतोय मी." ती म्हणायची, "फेडा. मी तर एकदाच दिली." दोघांचा हा खेळ कित्येक वर्षं चालला. दोघांनाही तो आवडत असावा.

एक दिवस ती दूध घालून आली आणि रिकामं भांडं उंबऱ्यावर ठेवून बसली. मी कडबा कापत होते.

"शेठचा दर उतरला म्हणे," ती म्हणाली. "पहिल्यासारखा झाला. साहेब म्हणला, आता जुनं धरत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे विमा विसरला म्हणे माझी बोटं."

मी विळा खाली ठेवला. "अन् तुम्ही?"

तिनं उजवा हात वर धरून बघितला, जसा काही तो आजच तिला कुणी आणून दिला होता. मग गोठ्याकडं मान वळवली.

"कडबा टाक आधी," ती म्हणाली. "म्हैस कवापासून ओरडून राह्यली."